परीक्षेचं जेवण

बाहेरच्या आचाऱ्यावर कुंदाताईंचा काडीचा विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्या लपवतही नसत. ड्युसेलडॉर्फच्या त्या जपानी खानावळीत त्या अंगावरचा कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. नजर स्वयंपाकघराच्या पडद्याला चिकटलेली. शेजारी सात वर्षांची नात स्पृहा पाय हलवत होती आणि समोर सून उल्का, हातात जपानीत छापून आणलेलं कार्ड घेऊन. या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, गहू किंवा जव कणभर जरी पोटात गेला तरी आतड्यांना इजा होते, असं त्यात लिहिलं होतं.

कुंदाताईंचा मुलगा मल्हार गेले चार महिने ओसाकात होता, गाडीच्या कंपनीच्या कामावर. इस्टरच्या सुट्टीत या तिघींनी तिकडे जायचं ठरत होतं. कंपनीने तिकिटं धरून ठेवली होती, पण आज संध्याकाळी सहाच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. उल्काने अट घातली होती. जपानी स्वयंपाकघरातलं एक जेवण आधी इथे जर्मनीत पचवून दाखवायचं. पचलं तर जायचं, नाही तर पापा भेटणार थेट सप्टेंबरात. म्हणून सकाळीच तिघी आगगाडीने घरून, म्हणजे र्युसेल्सहाइमहून निघाल्या होत्या.

"अगं, पण ही परीक्षा पोरीची की त्या जपान्याची?" कुंदाताईंनी गाडीत विचारलं होतं.

"माझी आहे, आई. मला झोप नाही लागत हो."

खोटं नव्हतं ते. मुलीचा आजार कळल्यापासून उल्काने घरातला गहू हद्दपार केला होता. टोस्टर नवा, पोळपाट फेकून दिलेला. गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या कुंदाताईंनीही नातीसाठी पोळी सोडली होती, आणि पोळीशिवाय ज्यांचं जेवण होत नाही त्यांनाच कळेल हे काय असतं ते. इतकं करूनही तीन आठवडे पोरीचं पोट मधूनमधून दुखतच होतं. शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या होर्टमध्येच काहीतरी घोळ आहे असं उल्काने ठरवलं, तिथल्या बाईंना खरमरीत ईमेल लिहिली आणि स्पृहाचं तिथलं जेवण बंद केलं.

पडद्याआडून आचारी स्वतः बाहेर आला. नाव मोरिता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. कार्ड त्याने दोनदा वाचलं. त्याचं जर्मन यथातथाच, त्यामुळे तो इंग्रजीत बोलायला लागला, आणि तेहतीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या कुंदाताईंना ते चांगलं समजत होतं.

"सोया सॉस नाही. त्यात गहू असतो. मिसो नाही. माझ्या मिसोत जव आहे. तळलेलं काहीच नाही, तेल एकच आहे." मग तो आत गेला आणि चार बाटल्या घेऊन आला. एकेक उलटी करून मागची बारीक अक्षरं बोटाने दाखवू लागला. "मसाल्याच्या पुडीत कधीकधी पीठ मिसळलेलं असतं. म्हणून मी मागे काय लिहिलंय ते वाचतो. न वाचता मी कुणालाच देत नाही."

"बघा, कसला काटेकोर आहे," उल्का म्हणाली.

"बघितलं हो," कुंदाताई म्हणाल्या. "बोलायला सगळेच हुशार असतात."

भात आला, मिठात भाजलेला मासा आला, वाफवलेली भाजी आली. स्पृहाने चाटूनपुसून खाल्लं आणि "लेकर!" म्हणाली, म्हणजे मस्त. उल्काच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं. कुंदाताईंना, खरं सांगायचं तर, थोडं लागलंच. त्यांचा दहीभात पोरीने सकाळी गाडीत खाल्ला होता, तेव्हा कुणी असं कौतुक केलं नव्हतं.

परतीची गाडी कोलोनच्या पुढे गेली आणि स्पृहा गप्प झाली. मग पोट धरून वाकली. "मम्मा, मिर इस्ट श्लेष्ट," मळमळतंय एवढंच जर्मनमध्ये म्हणाली आणि उल्काने कागदी पिशवी तोंडापाशी नेईपर्यंत भडभडून ओकली. भात, भाजी, सगळं बाहेर. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. समोरच्या सीटवरचा माणूस उठून दुसरीकडे गेला.

"झालं," उल्का म्हणाली. "संपलं सगळं. जपान बिपान काही नाही." तिने मोबाइल काढला आणि कंपनीसाठी निरोप टाइप केला: आम्ही येत नाही आहोत. तो पाठवायच्या आधी थांबली. "आधी त्या माणसाला विचारते. मला कळलंच पाहिजे."

कुंदाताईंनी नातीचं डोकं मांडीवर घेतलं. मेला जपानी, त्या मनात म्हणाल्या. एवढ्या बाटल्या नाचवल्या आणि शेवटी घात केलाच! पर्समधून त्यांनी हिंगाची डबी काढली. पोट दुखलं की कोमट पाण्यात चिमूटभर हिंग, हा त्यांचा ठरलेला उपाय. आल्यापासून चार-पाच वेळा त्यांनी तो केला होता. थर्मासचं झाकण उघडलं, त्यात पाणी ओतलं, डबी उघडायला अंगठा लावला, आणि का कोण जाणे, त्या आचाऱ्याने बाटल्या उलट्या केल्या होत्या तशी डबी उलटी केली.

अक्षरं बारीक होती. चष्मा लावला. खाण्याचा डिंक. गव्हाचं पीठ. हिंग.

त्यांनी पुन्हा वाचलं. गव्हाचं पीठ, दुसऱ्या नंबरावर.

उल्काच्या स्वयंपाकघरात बिनगव्हाच्या हिंगाची छोटी बाटली होती, खास मागवलेली. पण तिला मेलीला वासच नव्हता. म्हणून पहिल्याच दिवसापासून त्या फोडणीला आपली डबी काढत होत्या. वरणात, भाजीत. सकाळच्या दहीभातात तर हात सढळच पडला होता.

शेजारी उल्का फोनवर इंग्रजीत तावातावाने बोलत होती. स्पीकर चालू होता.

"मी तवा नवा घेतला होता," मोरितांचा आवाज आला. "हात धुतले होते. मॅडम, तिने आज आणखी काही खाल्लं का?"

"फक्त घरचं. माझ्या सासूबाईंनी केलेलं." उल्काचा आवाज चढला. "त्यांनी नातीसाठी स्वतःची पोळी सोडली आहे. त्यांच्या हातच्या अन्नावर प्रश्नच नाही. समजलं?"

कुंदाताईंनी डबी मुठीत दाबली. कुणाला काय कळणार होतं? फ्रँकफुर्टला गाडी बदलताना कचऱ्यात टाकली की काम झालं. उद्यापासून ती बाटली वापरायची, पोर बरी होईल, आणि सून आयुष्यभर असंच बोलेल, त्यांच्या हातच्या अन्नावर प्रश्नच नाही. किती गोड लागलं होतं ते ऐकायला! फक्त पोर बापाला सप्टेंबरपर्यंत भेटणार नाही.

फोनवर मोरिता म्हणाले, "मग चूक माझीच असणार. मला क्षमा करा. असं कार्ड घेऊन येणाऱ्यांना मी यापुढे जेवण देणार नाही. मला जमत नाही, हे आज कळलं."

"दे तो फोन," कुंदाताई म्हणाल्या.

"आई, तुम्ही कशाला—"

"दे म्हणते ना!" त्यांनी फोन हातात घेतला. टपाल खात्यातलं इंग्रजी तोडकंमोडकं होऊन बाहेर आलं. "मिस्टर मोरिता, तुमचं जेवण चांगलं होतं. माझ्या जेवणात गहू होता. मी वाचलं नव्हतं. तुम्ही बंद करू नका."

फोन परत देताना त्यांनी डबीही उल्काच्या हातात ठेवली, मागची बाजू वर करून. उल्काने वाचलं. फोन बंद केला.

"ती बाटली तुम्ही वापरत नव्हतात?"

"तिला वास नाही गं."

"कधीपासून, आई?"

"आल्या दिवसापासून."

उल्काने त्यांच्याकडे बघितलं. "आणि पोट दुखलं की ते पाणी..." कुंदाताईंनी नुसती मान हलवली. रड म्हटलं तर रडूही येत नव्हतं. उल्काने मोबाइलवरचा निरोप एकेक अक्षर करत खोडला आणि नवीन लिहिला: येत आहोत. किती जणी, ते तिने लिहिलं की नाही हे बघायची कुंदाताईंची हिंमत झाली नाही.

मांडीवर स्पृहा हलली. घरात एरवी कशालाही जर्मनमध्येच उत्तर देणारी ती पोर डोळे मिटूनच मराठीत म्हणाली, "आजी, हिंगाचं पाणी दे ना."

कुंदाताईंनी झाकणातलं पाणी तिच्या ओठांना लावलं. स्पृहाने घोटभर पिऊन तोंड वाकडं केलं.

"ह्यात हिंग नाहीये."

"नाहीये बाळा," कुंदाताई म्हणाल्या. "असंच पी."