दोन लेबलं, एक कारखाना

शौनक पवईच्या ऑफिसात संकट व्यवस्थापनाचा प्रमुख होता आणि आजवर संकट न आल्याचं श्रेय स्वतःलाच देत असे. कंपनीच्या पंपांना व्हॉल्व्ह पुरवणारा व्हिएतनाममधला कारखाना जळाला तेव्हाही तो निवांत होता.

"आपल्याकडे दुसरा पुरवठादार आहे."

"तोही त्याच कारखान्यातून माल उचलतो, फक्त लेबल वेगळं," खरेदी विभागातली पद्मजा म्हणाली. "तुला दोनदा मेल केलं होतं."

"तू फार निगेटिव्ह आहेस यार."

चौथ्या दिवशी कंपनीच्या अंधेरीच्या कारखान्यात व्हॉल्व्हअभावी पंपांची जुळणी थांबली. शौनकने मीटिंग बोलावली आणि पद्मजाला प्रेझेंटेशन करायला सांगितलं.

"ते तूच कर. तेवढंच जमतं तुला," असं म्हणून ती मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्हचे नमुने तपासायला गेली.

त्याच वर्कशॉपचे व्हॉल्व्ह लावून पंधरवड्यात काम सुरू झालं. शौनकच्या मीटिंगा अजून चालूच होत्या.