शाडूच्या माणसांची बोळवण

"आई, माझी माणसं कुठंत?"

उज्वलाबाई घटाच्या परडीत माती पसरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सकाळीच दसकच्या घाटावर नदीत बोळवली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळं रीतीनं केलं गं."

तृप्ती मटकन दारातच बसली. तिच्यामागे कॅमेरा घेऊन उभा असलेला शेखर रिकाम्या फळीकडे बघत राहिला.

एकलहऱ्याच्या त्या दोन खोल्यांत ही दोघं तीन वर्षं शाडूच्या बाहुल्यांचे सिनेमे करत होती. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. दिवसभर राबावं तेव्हा म्हातारीची बाहुली पडद्यावर जेमतेम उंबरा ओलांडायची. तिला बोलतं करायला वेगवेगळ्या ओठांची डोकी लागत, हातही सुटे. सगळं फळीवर मांडलेलं असे. ती मुंडकी बघून शेजारच्या लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. "उज्वला, भंगलेल्या मूर्ती घरात ठिवल्यावर पोरीला यश कुठून येणार? घट बसायच्या आत बोळव." आधीचे दोन्ही सिनेमे महोत्सवातून परत आले होते, त्यामुळे उज्वलाबाईंना ते पटलं. आईला पटायला किती वेळ लागतो!

"भंगलेली नव्हती, सुटी केली होती!" तृप्ती किंचाळली. "उद्या सिनेमा पाठवायचा शेवटचा दिवस आहे. म्हातारी भाकरी थापते, तेवढा एकच सीन राहिला होता."

"मला काय ठावं बाई? तुझ्याच चांगल्यासाठी..."

शेखर गाडी काढून घाटावर जाऊन आला. शाडू केव्हाच विरघळला होता. गाळात चाचपडून त्याच्या हाती लागल्या त्या बाहुल्यांच्या पोटातल्या तारा.

"जाऊ दे तृप्ती," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"नाही." तृप्तीने आईकडे पाहिलं. उज्वलाबाईंचे हात, चेहरा, पदर सगळं तिने नीट न्याहाळलं. "म्हातारीच्या जागी तू बस."

उज्वलाबाईंना वेड्यासारखा आनंद झाला. पोरीने माफ केलं, असं त्यांना वाटलं. घट बसवून त्या लगबगीने परात घेऊन बसल्या.

"हात इथे. आता हलू नको." फोटो. तृप्तीने त्यांचं एकेक बोट धरून किंचित वाकवलं. फोटो. मान जराशी खाली दाबली. फोटो. दुपार सरली तरी भाकरी अर्धीही थापून झाली नव्हती. उज्वलाबाईंना सकाळपासूनचा कडक उपवास होता. गुडघ्यातून कळा येऊ लागल्या.

"जरा पाय लांब करू का गं?"

"नको."

"काकू दमल्यात," शेखर हळूच म्हणाला.

"माझ्या बाहुल्या कधी दमल्या नाहीत."

माफीबिफी काही मिळालेली नाही, हे उज्वलाबाईंना आत्ता कुठे कळलं. डोळे भरून आले, हात पदराकडे गेला.

"हात हलवू नको! मागचा फोटो जुळणार नाही."

उज्वलाबाईंनी हात होता तिथे, परातीत परत ठेवला. बोटंसुद्धा तशीच वाकवली. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं आणि पिठात पडलं. तृप्ती वाकून ते बघत राहिली.

"शेखर," ती म्हणाली, "हेही घे."