वकिलांचे दात

कवळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, जळक्या रबराचा वास सुटला, तसा गोपाळकृष्णाने धोतराचा सोगा नाकाला लावला. कवळीच्या हिरडीचं रबर मऊ पडलं. चिमट्याने एकेक दात उपटून तो बशीत टाकू लागला. दात अस्सल विलायती, चिनी मातीचे, अजून लखलखीत. ज्यांच्या तोंडात ते होते त्या तासगावच्या वकिलांना मात्र परवाच अग्नी दिला होता.

त्यांच्या मुलाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून, गोपाळकृष्ण कामाला होता त्या दातांच्या दवाखान्यात आणली होती. घरात ठेवायची किळस, आणि नदीत टाकायला जीव होईना. डॉक्टर आगटे गंभीर चेहरा करून त्याला म्हणाले, "ठेवा इथं. मी लावतो विल्हेवाट." आणि ही विल्हेवाट! लढाईमुळे विलायतेहून दात येणं बंद झालं होतं, म्हणून मेलेल्याचे काढून जित्याला बसवायचे.

"माती आहे रे ती," डॉक्टर म्हणाले. "उकळली की झाली शुद्ध. हॉटेलात सगळ्यांच्या उष्ट्या कपबशीतून चहा पितोस ना?"

"पण हे जिला बसवायचे त्या आटपाडीच्या बाईला सांगायला नको?"

"तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

कवळ्या करण्याच्या या धंद्याची गोपाळकृष्णाला पहिल्यापासूनच शिसारी. सांगलीतल्या भल्याभल्यांची तोंडं त्याने आतून पाहिली होती. थुंकी, पू, हिरड्यांत कुजलेली सुपारी. आंघोळ केल्याशिवाय बायको त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. पण ती घाण निदान पाण्याने जायची. आज त्याला डॉक्टरांची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांची. कारण हात न थरथरता, सफाईने काम करत होते. थू त्या कसबावर!

आठवड्याने आटपाडीची हरणाबाई आली. मेंढरांमागे उन्हात रापलेली, गाल आत गेलेली. डॉक्टरांनी नवी कवळी तिच्या तोंडात बसवली, आरसा दाखवला आणि हात धुवायला आत गेले. हरणाबाई आरशात बघून लहान पोरीसारखी हसली. तिचं ते हसू गोपाळकृष्णाला बघवेना. तो तिच्या मागोमाग ओट्यावर आला.

"लय उपकार झालं दादा. चार वर्सं भाकरी भिजवून गिळती मी."

"बाई, ते दात..." त्याने मागे दाराकडे पाहिलं. "ते नवे नाहीत. एक माणूस वारला, त्याच्या कवळीतले काढलेत. मीच काढलेत."

हरणाबाईने झटकन कवळी काढून तळहातावर घेतली. तोंड कसंनुसं झालं, हात अंगापासून लांब धरत ती खांबाला टेकली. पार भिरकावून देणार, असंच त्याला वाटलं. आत डॉक्टरांच्या वहाणा वाजल्या. ते दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं ओळखलं. त्यांच्याकडे न बघता हरणाबाईने गोपाळकृष्णाला विचारलं,

"कोन हुता?"

"तासगावचे वकील होते."

"म्हातारा?"

"हो. सत्तरी उलटलेली."

"पोराबाळांत गेला?"

"हो."

तिने तळहातावरची कवळी एकदा उलटसुलट करून पाहिली. मग लोट्यातलं पाणी घेऊन तिने कवळी खळखळून धुतली आणि पुन्हा तोंडात घातली. गाठोडं सोडलं. बाजरीच्या भाकरीचा एक घास मोडून ओट्याच्या स्वच्छ कडेला ठेवला.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "आदी तुमी."

कावळा येऊन घासाला शिवेपर्यंत ती थांबली. मग घरातल्या थोरल्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर पुढे ओढून, तोंड फिरवून ती सावकाश चावू लागली.