चाकातलं सोनं

"हात लावू नको त्येका," सहदेव म्हणाला, "आतलो चुंबक सुटलो तर मरतलो."

शेवंतीने फडकं मागे घेतलं. चुंबक म्हणे मरतो! नवऱ्याने सायकलच्या पुढच्या चाकात मधोमध बसवलेल्या त्या जाड डब्यात काहीतरी लपवलंय, अशी तिची आता खात्रीच झाली.

लोकांच्या सायकलला टायरवर घासणारा डायनामो असतो. याने चोरबाजारातून जुनं विलायती चाक आणलं, डायनामो चाकाच्या पोटातच. त्याला वायर जोडली, डालड्याचा डबा कापून दिवा केला, त्यात टॉर्चची वाटी बसवली. मुलुंडच्या रस्त्यांवर म्युनिसिपालटीचे दिवे असताना कारखान्यातून घरी यायला एवढा खटाटोप कशाला?

वरच्या मजल्यावरचा अंबादास स्कूटरच्या स्टेपनीतून सोन्याची बिस्किटं नेताना पकडला गेला, तेव्हा पोलिसांनी अख्खी चाळ उलटीपालटी केली होती. तेव्हापासून शेवंतीला धड झोप नव्हती. त्यात सहदेवचं वागणं बदललेलं. संध्याकाळी कुठे जायचं म्हटलं की याचं पोट दुखायचं. कॅरम सुटला. परवा दिवेलागणीला शेजारची कुंदा समोरून आली, तर ओळखही न दाखवता पुढे गेला. मनात पाप असल्याशिवाय माणूस असा वागतो होय? गिरणी बंद पडली तेव्हा शेवंतीने मीठभाकरीवर दिवस काढले होते, पण दारात पोलीस तिला सोसले नसते.

रविवारी तो केस कापायला गेला तशी तिने सायकल उलटी केली. तो करायचा तसेच नट सोडवले, चाक काढलं आणि डब्यातला गाभा दोन्ही हातांनी ओढून सुटा केला. तारेचं वेटोळं आणि लोखंडाचं कडं. सोनं सोडा, पितळही नव्हतं. तिच्या जिवात जीव आला. होतं तसं सगळं बसवलं आणि त्या आनंदात तिने शिरा केला.

सोमवारी सहदेव उशिरा आला, सायकल ढकलत, गुडघा फुटलेला. दिवा विडीच्या टोकाएवढा लाल होऊन राहिला होता, म्हणाला.

"तू उघडलंस?"

"होय. माका वाटलां, आत सोनां लपवलात."

आता हा आकांडतांडव करणार, असं तिला वाटलं. तो नुसता खाली बसला.

"दिवेलागणीनंतर माका दिसणा नाय गो. कारखान्यात कळलां तर घरी बसवतले."

कॅरम, पोटदुखी, कुंदा. एकेक ध्यानात येत गेलं तशी तिला स्वतःचीच चीड आली. गाभा ओढून काढताच मेलेल्या त्या चुंबकात पुन्हा जोर भरून देणारा कुणी सापडला नाही, आणि साध्या टॉर्चने त्याचं भागत नव्हतं. मग तीच संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहू लागली. हँडल एका बाजूने तिने धरायचं, दुसऱ्या बाजूने त्याने. खड्डा आला की ती हळूच सांगायची.

चाळीत कुजबुज सुरू झाली. शेवटी कुंदाने नळावर विचारलंच, "काय गं, सहदेवभाऊ घ्यायला लागले की काय? रोज आणायला जातेस ती?"

शेवंती हंडा भरायची वाट बघत राहिली. दारू पितो म्हणून कारखान्यातून कुणाला काढलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"होय गो," ती म्हणाली, "थोडी घेतत."

मग तिने हंडा कमरेवर घेतला आणि ती खोलीकडे वळली.