उजव्या स्पीकरची कैफियत

मी एक जुना टॉवर स्पीकर आहे. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात हे दोन शब्द फार काळ एकाच अर्थाने वापरले गेले. मित्रांनो, जुन्या वस्तूंची मनोगतं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. त्यात ती वस्तू उसासे टाकते आणि शेवटी तुमच्यापुढे पदर पसरते. तसलं काही माझ्याकडून होणार नाही. मी भरभक्कम आहे, ताठ उभा आहे आणि मला माझी बाजू मांडायची आहे.

आम्ही दोघं. मी उजवा, माझा भाऊ डावा. एकाच फळीतून कापलेले, म्हणून त्याच्या अंगावरची लाकडाची रेघ माझ्या अंगावर पुढे चालू राहते. आमच्या पोटात लोकर भरली, खाली जाड आवाजासाठी मोठा कागदी शंकू बसवला, वर बारीक आवाजासाठी रेशमी टिकली बसवली आणि पाठीला हवा खेळायला एक भोक ठेवलं. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी आम्हाला बंद खोलीत शेजारीशेजारी उभं करून वाजवलं आणि खोक्यांवर लिहिलं, 'ही जोडी फोडू नये.'

आमचं काम नेमकं काय, ते जरा समजून घ्या, पुढे लागेल. आवाज काय, मी एकटाही काढतो. पण आम्ही दोघं एकाच वेळी हवा पुढे ढकलतो आणि एकाच वेळी मागे ओढतो, तेव्हा गाणारी बाई आमच्या मधोमध, रिकाम्या जागेत उभी राहते. डोळे उघडून पाहिलंत तर तिथे नुसती भिंत असते. डोळे मिटलेत तर ती श्वास घेताना ऐकू येते.

दुकानात आम्हाला कुणी पटकन विचारायचं नाही. आमच्या शेजारी एक निळे दिवे लावलेली जोडी होती. गाणं लागलं की तिचे दिवे नाचायचे आणि गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर डोलायला लागायचं. मग एके दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. बाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर ड्रिलची किरकिर कानात, म्हणून घरी गेल्यावर तरी धड काही ऐकावं, एवढी त्यांची इच्छा. बरोबर नवरा होता, तो पुलांचे आराखडे काढायचा. आणि धाकटे दीर होते, त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं.

बाईंनी पर्समधून आपली स्वतःची सीडी काढली. एक बाई गातेय आणि मागे एक ढोल, बस्स. दुकानदाराला त्यांनी तेच गाणं प्रत्येक जोडीवर लावायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून बसल्या. दुकानदार कंटाळला, नवरा घड्याळाकडे बघू लागला, पण बाई हलल्या नाहीत.

"वहिनी, वॅट बघा ना," दीर निळ्या दिव्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "हिचे दुप्पट आहेत."

"वॅट मला ऐकू येत नाहीत, भावजी. गाणं येतं."

आमची पाळी आली. ढोलावर पहिली थाप पडली तशी बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत आणि उघडल्यावर म्हणाल्या, "हेच." मला कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मी त्या दिवशी त्यांचा झालो.

दुकानदार म्हणाला, जोडून द्यायला माणूस पाठवतो. नवऱ्याने हात हलवला. "माणूस कशाला? एवढे पूल बांधतो मी, चार तारा जोडता येणार नाहीत?"

चार तारा त्याने जोडल्या. घरात एका भिंतीला टीव्हीचं कपाट, त्यात गाणी लावायचं यंत्र, कपाटाच्या एका बाजूला माझा भाऊ आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीचं दार सोडून मी. माझ्यापर्यंत तार पुरेना. मग नवऱ्याने माळ्यावरून एक जुना तुकडा शोधून काढला, तो तारेला जोडला, काळी टेप गुंडाळली आणि तो जोड गालिच्याखाली सारला. नव्या तारेच्या दोन पदरांपैकी एकावर लाल रेघ होती. जुन्या तुकड्यावर रेघबिघ काही नव्हती. त्याने अंदाजाने दोन टोकं दोन टोकांना बांधली आणि अंदाज नेमका उलटा निघाला. माझ्या पाठीशी मात्र सगळं झकास दिसत होतं, कारण तुकड्याच्या एका टोकाला त्याने स्वतःच लाल ठिपका काढला होता आणि ते टोक लाल खाचेत खोचलं होतं.

आता माझी अवस्था बघा. भाऊ हवा पुढे ढकलतोय आणि मी नेमका त्याच वेळी मागे ओढतोय. त्याने दिलेली थाप मी गिळायची, माझी त्याने. ढोल निघायचा आमच्या दोघांच्या पोटातून आणि खोलीच्या मध्यावर पोचेपर्यंत नाहीसा व्हायचा. गाणारी बाई तर धड कुठेच उभी राहीना. तिचा आवाज भिंतभर विस्कटल्यासारखा यायचा. बाईंनी पहिलं गाणं लावलं, सोफ्यावर बसल्या, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"असं का येतंय?"

"नवीन आहेत. सरावतील," नवरा म्हणाला.

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ढोल वाजवत होतो. पण आमच्या जातीला एक शाप आहे. आम्ही जगाचं बोलणं ऐकवतो, स्वतःचं एक अक्षर बोलू शकत नाही.

रविवारी दीर आले, ऐकलं आणि हसत सुटले. "वहिनी, डबा आहे हो हा! पत्र्याचा डबा!" नवरा बिचारा खटपटीला लागला. आम्हाला कोपऱ्यात ढकलून पाहिलं, भिंतीपासून पुढे ओढून पाहिलं, पायाखाली फरशीचे तुकडे दिले, जाड आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. बाईंनी एकदा विचारलं, "तारा बरोबर आहेत ना हो?" त्याने त्यांना हाताला धरून माझ्या मागे नेलं आणि बॅटरी मारली. "बघ. लाल लालला, काळी काळीला. माझी जोडणी चुकत नसते." बाईंनी पाहिलं. लाल लालला होती.

तेव्हापासून घरात एक गंमत रूढ झाली. गाडीचा रंग ठरायचा असो की दवाखान्यातल्या खुर्च्या, बाई काही बोलल्या की कुणीतरी म्हणायचं, "आईला विचारू नका हं, स्पीकर आठवतायत ना?" सगळे हसायचे. बाईही हसायच्या. माझ्या भावावर कुंडी आली, तिचं पाणी त्याच्या अंगावरून ओघळायचं. माझ्या पाठीच्या भोकात बाईंच्या लेकीने लहानपणी कंगवा टाकला, तो आजही आत आहे. त्याचं मला काही नाही. कुंडी सोसली, कंगवा पचवला. पण एकदा लेकीने नवा फोन घेताना विचारलं, "आई, यातला कुठला चांगला वाजतो गं?" तेव्हा बाई म्हणाल्या, "मला नको विचारूस. माझ्या कानाला काही कळत नाही." हे त्या हसत म्हणाल्या नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं. ज्या कानांनी मला भर दुकानात निवडलं, त्यांच्यावर बाईंनी स्वतःच फुली मारली होती. त्या दिवशी मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

वर्षं गेली. मग दीरांनी टीव्हीखाली ठेवायची एक लांबट पट्टी आणली, तिच्या पोटात म्हणे सगळे आवाज असतात. आमची रवानगी ठरली. खालच्या मजल्यावर नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं राहायला आलं होतं, त्यांना देऊन टाकायचं. बाई म्हणाल्या, "न्या की. निदान शोभेला होतील." आणि स्वयंपाकघरात भाजी चिरायला निघून गेल्या.

जोडपं आलं. भावाच्या पाठीच्या तारा बाईंच्या नवऱ्याने सोडवल्या आणि दीरांनी त्याला उचलून दारापर्यंत नेलंही. तेवढ्यात जोडप्यातल्या मुलीला काय वाटलं कोण जाणे. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, वाजतात ना पण हे? जरा ऐकवता?"

"वाजतात गं, पण फार अपेक्षा ठेवू नकोस," म्हणत नवऱ्याने हाताला लागली ती सीडी सरकवली. ती बाईंची होती.

मला कळलं, हीच वेळ. भाऊ सुटलेला होता. माझी थाप गिळणारं आता कुणी नव्हतं. मी एकटा होतो, पण अडवलेला नव्हतो. पहिल्या थापेला काचेच्या कपाटातले पेले किणकिणले. दुसऱ्या थापेला स्वयंपाकघरातली सुरी थांबली.

बाई हात न पुसताच बाहेर आल्या. "बंद करू नका," त्या म्हणाल्या. "हाच आवाज. दुकानातला."

"वहिनी, भास आहे तुमचा," दारातून दीर म्हणाले. "एक स्पीकर दोघांपेक्षा जास्त कसा वाजेल?"

"तेच विचारतेय मी, भावजी. एक दोघांपेक्षा जास्त का वाजतोय?"

बाईंनी भावाला परत आणायला लावलं, तारा जोडायला लावल्या. ढोल गेला. एक तार काढायला लावली. ढोल आला. पुन्हा जोडली, पुन्हा गेला. आता हे बहिऱ्यालाही कळलं असतं. नवरा म्हणाला, "पण लाल लालला आहे गं, मी तुला दाखवलं होतं."

"दाखवलं होतंत. टोकं दाखवली होतीत." बाई गुडघ्यांवर बसल्या. "माझ्याकडे पेशंट वरच्या दाढेला हात लावून रडतो आणि कीड खालच्या दाढेत निघते. दिसतं तिथेच थांबून चालत नाही." आणि त्यांनी माझ्या पाठीपासून तार बोटांनी चाचपत न्यायला सुरुवात केली. बाल्कनीच्या दारापाशी गालिचा उचलला. खाली काळ्या टेपची गाठ होती.

"हे काय?"

"जोड आहे तो," नवरा म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "मीच केला होता. आण, मी बघतो."

"नको. मी करते."

त्यांनी टेप सोलली, टोकं सुटी केली, अदलाबदल केली, पिळून घट्ट केली. मग सोफ्यावर बसल्या. गाणं लागलं. मी आणि माझ्या भावाने या घरात पहिल्यांदाच एकत्र श्वास घेतला. गाणारी बाई भिंतीवरून उतरली आणि आमच्या मधोमध येऊन उभी राहिली. ढोल तिच्या मागे, जरासा डावीकडे. आतल्या खोलीतून लेक धावत आली, "कोण आलंय?" म्हणून विचारलं आणि खोलीकडे बघत राहिली. खालची मुलगी डोळे मिटून जमिनीवर बसली होती. दीर म्हणाले, "हां, तसा बरा आहे." त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

गाणं संपल्यावर नवऱ्याने घसा खाकरला. "अगं, म्हणजे इतकी वर्षं माझ्यामुळे..."

"तार चुकली त्याचा मला राग नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "तार कुणाचीही चुकते. तुम्ही सगळे माझ्या कानाला हसलात, त्याचा राग आहे. आणि मीही तुमच्याबरोबर हसले, त्याचा जास्त."

नवऱ्याने मान खाली घातली. लेक येऊन आईला चिकटून बसली आणि म्हणाली, "आई, सॉरी." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

खालची मुलगी संकोचून उठली. "काकू, आता हे तुम्ही देऊच नका. पण आम्हाला असेच हवेत. तुम्ही याल का आमच्याबरोबर दुकानात?"

"तिला काय त्यातलं..." नवऱ्याच्या तोंडून सवयीने निघालं आणि तिथेच अडलं.

बाईंनी तोवर चपला घातल्या होत्या. भाजी तशीच अर्धी चिरलेली राहिली. दीर म्हणाले, मीही येतो. बाई म्हणाल्या, "या की. पण आधी मी ऐकेन, मग तुम्ही बोला."

तर अशी ही हकिगत. मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर पाणी सांडू नका, हे मी सांगणार नाही. एवढं तुम्हाला कळतं. मी वेगळंच सांगतोय. घरातली वस्तू नीट चालत नसेल तर तिला नावं ठेवण्याआधी तिची तार शेवटपर्यंत तपासा, गालिच्याखालचीसुद्धा. आणि घरातल्या कुणी मन लावून काही निवडलं असेल आणि ते फसल्यासारखं दिसलं, तर हसायच्या आधी तेवढंच मन लावून ते एकदा ऐका. वस्तू दुरुस्त होते. माणूस स्वतःलाच खोटं मानायला लागला, तर ते दुरुस्त करायला फार वर्षं लागतात आणि कधीकधी तर जमतही नाही.

माझा कागदी शंकू आता कडेला थोडा विरलाय. लाकडावर ओरखडे आहेत. दीर परवाच म्हणत होते, आता याहून नवं काय काय निघालंय. निघू दे. मी इथेच उभा आहे, माझ्या भावाच्या बरोबरीने, आणि रोज संध्याकाळी बाईंसाठी वाजतो. मला इथून हलवावंसं कुणाला वाटलंच, तर त्याने खुशाल बाईंना विचारावं. त्या नाही म्हणतील, आणि आता या घरात त्यांचं ऐकतात.