मुलाण्याचा मान

आमचं गाव पुण्याच्या महापालिकेत गेलं, शेतात काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि आमच्या पोरांना एकदम धर्म आठवला. पोट भरल्याशिवाय असली बुद्धी सुचत नाही. माझा ऋषी तरुण मंडळाचा अध्यक्ष. म्हसोबाच्या जत्रेआधी त्याने चावडीवर जाहीर केलं, यंदा बकऱ्यावर मुलाण्याने सुरी फिरवायची नाही.

आमच्याकडे जत्रेचं बकरं मुलाण्यानेच कापायचं. त्याने दुवा म्हटल्याशिवाय जुनी माणसं मटणाला हात लावत नाहीत. आमच्या मुलाण्याला, दस्तगीरभावजींना, निरोप गेला, येऊ नका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जत्रेतला मानच काढून घेतला, तर त्या माणसाचं गावात राहिलं काय?

जत्रेच्या सकाळी दारोदारी हळदकुंकू लावलेली बकरी बांधलेली आणि कापणारा कोणी नाही. एका पोराने सुरी उचलली, ती त्याच्या आईनेच हिसकावून घेतली. "आमी न्हाय खायचो असलं," ती म्हणाली. मग मंडळाने ठरवलं, पुण्याच्या कॅम्पातून खाटीक आणू.

"त्याचं नाव इचारलंस का?" मी ऋषीला म्हटलं. त्याने फोन लावला, नाव ऐकलं आणि तसाच बंद केला.

मी विडा-नारळ घेऊन भावजींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. विड्याला त्यांनी हात लावला नाही.

"वहिनी, स्वातंत्र्याच्या आदल्या साली मुंबईकडं दंगे पेटलं. हितं काय बी झालं नव्हतं, तरी माझ्या बापाला असाच निरोप आला. सगळ्या गावानं जत्रंला पिठलं खाल्लं. फुडल्या साली तुमचं सासरं हिंमतराव सोता आलं. निरोप त्यांनीच धाडला व्हता. ज्यानं अडवलं, त्यानंच न्यायला यावं. तुमच्या हातनं इडा न्हाय घ्यायचा मी."

मामंजींनी हे घरात कधी सांगितलं नव्हतं. कसं सांगतील?

घरी येऊन मी विडा ऋषीपुढे ठेवला. "तुझ्या आज्याला जमलं. तुला का न्हाय जमणार?"

"आई, पोरं काय म्हणतील?"

"म्हंतील, अध्यक्षाला अक्कल आली."

तोंड पाडून का होईना, तो आला. भावजींच्या ओट्याशी वाकला. "चाचा, आमचं चुकलं. चला."

भावजींनी विडा घेतला, सुरीची पिशवी उचलली. बाहेर पडल्यावर ऋषी हळूच मागच्या बोळाकडे वळला. मी जागची हलले नाही. भावजीही थांबले.

"नको म्हणालास ते चावडीवर म्हणालास, बाळा," ते शांतपणे म्हणाले.

ऋषी मागे फिरला आणि चावडीच्या रस्त्याला लागला. मंडळाच्या कमानीखाली सगळी पोरं जमलेली. आम्हाला पाहून ढोल थांबला. कोणीतरी फिस्सकन हसलं. ऋषीची मान लाल झाली. मला वाटलं, कच खातंय कार्टं.

त्याने भावजींच्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि ओरडला, "वाट सोडा रे. मानकरी आलेत."