एकाने पाहायचं, एकाने राखायचं

आमचा सायकलप्रवासाचा नियम एकच. एकाने पाहायला जायचं, दुसऱ्याने सामान राखायचं. नियम वुब्बेने, माझ्या नवऱ्याने घातलेला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बेल्जियममध्ये, फ्लँडर्समधल्या एका चर्चपाशी सायकली लावून आम्ही दोघंही आत गेलो होतो. बाहेर आलो तर तंबू जागेवर होता, पण कपड्यांची पिशवी गेली होती. पुढचे चार दिवस वुब्बेने माझा फुलाफुलांचा स्वेटर घालून काढले. त्यानंतर पस्तीस वर्षांत आम्ही एकही किल्ला, एकही मनोरा एकत्र पाहिला नाही.

पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण वुब्बे सांगायचा फार छान. आमच्या हॉलंडात, ग्रोनिंगनजवळच्या कालव्यावर बोटींना वाट द्यायला पूल उचलायचं काम त्याने आयुष्यभर केलं. थांबलेल्या माणसांकडे बघत बसायची त्याला सवयच. तो पाहून यायचा, मग मी जायचे, आणि संध्याकाळी तंबूपुढे बसून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या चघळत एकमेकांना सांगायचो. माझ्या सांगण्यात राजे आणि सनावळ्या. बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, त्याला इलाज नाही. त्याच्या सांगण्यात पहारेकऱ्याचे दोन रंगांचे मोजे.

यंदा सप्टेंबरमध्ये आम्ही जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठाने निघालो. मागे चार पिशव्या, वर तंबू, पुढे खाण्याची टोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी एका लहानशा गावी थांबलो. डोंगरावर जुना किल्ला, त्याला एक मनोरा.

"तू जा आधी," मी म्हटलं. वुब्बे पाऊण तासाने आला.

"हिली, काय नदी दिसते गं वरून! स्वतःचंच शेपूट धरायला निघाल्यासारखी वळते. आणि पलीकडच्या मळ्यात निळ्या टोपीचा एक म्हातारा द्राक्षं कमी आणि बायकोची बोलणी जास्त खातोय."

मी हसत हसत निघाले. वाट द्राक्षमळ्यांतून, चांगलीच उभी. निम्म्या वाटेवर एका घराबाहेर बाई द्राक्षाचा रस विकत बसल्या होत्या.

"वर कशाला जाताय?" त्या म्हणाल्या. "मनोरा बंद आहे. ईस्टरपासून जिना काढून ठेवलाय."

"असं कसं? माझे यजमान आत्ताच जाऊन आले."

"उंच? पिवळा रेनकोट? अहो, ते तर याच बाकावर बसले होते! दोन ग्लास रस प्यायले. वरून काय काय दिसतं ते विचारत होते. मग मी आमच्या शेजाऱ्याची गंमत सांगितली, टोपीवाल्याची."

मी त्या बाकावर बसले. मला राग आला. हा माणूस माझ्याशी खोटं बोलत नाही, असं मी चारचौघांत सांगत आले होते.

खाली आले. वुब्बे सायकलींपाशी सफरचंद कापत होता.

"छान आहे ना मनोरा?" मी विचारलं.

"छानच. जिना तेवढा अरुंद."

"पायऱ्या किती असतील?"

"शहाऐंशी."

"वुब्बे, जिना काढून ठेवलाय."

तो वाकला आणि पिशवीचा पट्टा उगीचच आवळत राहिला. "गुडघा," शेवटी म्हणाला. "दोन वर्षं झाली. सायकल मारताना काही होत नाही, चढताना होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू बसच्या सहलीची तिकिटं काढली असतीस."

हे खरं होतं. त्या सहलींचं माहितीपत्रक माझ्या कपाटात पडलेलंच होतं.

"आणि मागच्या वर्षीचं घंटाघर?"

"तिकिटं देणाऱ्याने सांगितलं."

"त्याआधीचा तो बुरूज? तिथे तर तू रडवेला होऊन आला होतास!"

"तिथे दोन नन भेटल्या. त्यांनीच फार सुरेख सांगितलं, मी काय करू?"

मला रागावायचं होतं, पण जमेना. त्या बुरुजाचं वर्णन मी आमच्या सगळ्या नातलगांना ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोखेम गावी पोचलो. तिथेही डोंगरावर किल्ला. "आज दोघांनी जायचं," मी सांगून टाकलं.

"आणि सामान?" वुब्बेने असं विचारलं, की जणू मी तान्हं मूल रस्त्यात ठेवायला सांगत होते.

काठावर थीलनबाईंचं वाइनचं दुकान होतं. त्यांनी सायकली अंगणात घ्यायला सांगितल्या. वुब्बेने दोन्ही कुलुपं ओढून पाहिली.

"कुत्रा आहे का तुमच्याकडे?"

"मांजर आहे."

"मांजराचा काय उपयोग!"

"अहो, तिला अजून भेटला नाहीत तुम्ही," बाई म्हणाल्या.

वीस मिनिटांची चढण, आम्हाला तास लागला. वुब्बे माझ्या खांद्यावर हात ठेवून चढत होता आणि प्रत्येक वळणावर थांबून खाली ते अंगण दिसतंय का ते बघत होता. तिसऱ्या वळणानंतर दिसेनासं झालं. मग तो मागे न बघता चढला.

वर कठड्यावर बसून आम्ही मोहरी लावलेला पाव आणि चीज खाल्लं. खाली नदी, नदीवर ऊन.

"सांग ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय सांगू? तुला दिसतंयच की."

इतक्या वर्षांत असा प्रसंगच आला नव्हता. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तळव्याला मोहरी लागलेली होती.

"ती लाल बोट बघ," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"लाल कुठे? नारिंगी आहे."

"हिली, चाळीस वर्षं बोटी पाहिल्यात मी."

"मग चष्मा बदल."

उतरताना त्याचा गुडघा जास्तच दुखला. तो कठड्याला धरून, तिरका होऊन एकेक पाऊल टाकत होता आणि मी पुढे उभी राहून थांबत होते. पण लाल की नारिंगी, हे भांडण त्याने अर्धा डोंगर सोडलं नाही.